खोडावरची अक्षरं

प्लेव्हनाजवळचा तळ, बल्गेरिया
८ ऑक्टोबर १८७७

ती. ताईस,
बालके यालमारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता, म्हणजे तू ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलंस आणि नेहमीसारखा कप त्यावरच टेकवलास. तंबूतल्या सगळ्यांनी तो डाग आळीपाळीने हुंगला. तुझ्या अक्षराचं कौतुक कुणीही केलं नाही, पण डागाचं फार केलं.

हेइक्की खुशाल आहे. हे काइसाआईला आधी सांग आणि मगच पुढचं वाच. डॅन्यूब ओलांडल्यावर त्याला सामानाच्या गाड्यांवर, घोड्यांपाशी नेमलं होतं. मी कप्तानांच्या मागे लागून त्याला माझ्या तुकडीत आणला. निघताना काइसाआईने माझा कोट दोन्ही हातांनी धरून दोन गोष्टी सांगितल्या होत्या, की त्याला जवळ ठेव आणि परत आण. पहिली झाली. दुसरी झाल्याशिवाय मी आपल्या अंगणात पाऊल टाकणार नाही. आई गेल्यावर जिने मला स्वतःच्या हेइक्कीबरोबर दूध पाजलं, तिला दिलेला शब्द आहे हा.

आपल्या फिनलंडच्या पलटणीला झारसाहेबांनी एवढ्या लांब तुर्कांशी लढायला आणलं खरं, पण अजून आम्ही धुळीशीच लढतो आहोत. मैलोन्‌मैल मक्याची शेतं, वर तापलेलं आभाळ, आणि ताई, कुठेही तळं नाही. मुलखाला डोळेच नसावेत असं वाटतं. हेइक्की मात्र मजेत. परवा किनाऱ्याकडच्या एका हवालदाराने त्याला विचारलं, की ही वाट गावात जाते का. हेइक्कीने पुष्कळ विचार करून सांगितलं, की जाईलही आणि नाहीही, चालणारा कसा आहे त्यावर आहे. हवालदार तापला. मी मध्ये पडून समजावलं, की आमच्या साव्हो प्रांतात यालाच सरळ उत्तर म्हणतात.

झोप येत नाही तेव्हा मी मनातल्या मनात घरी येतो. चर्चच्या गावातून निघतो, पूल ओलांडतो, आणि वळणावर आईचं पाइनचं झाड दिसलं की अडतो. तुला आठवतं? काइसाआई सांगायची, की मेलेल्या माणसाला घरची ओढ लागते, ते चर्चच्या आवारातून उठून चालू लागतं. पण वळणावर खालच्या फांद्या छाटलेलं आपलं झाड दिसलं, खोडावर कोरलेली आपल्या नावाची अक्षरं वाचली, की आपण मेलो आहोत हे त्याला आठवतं आणि ते मुकाट परत फिरतं. तेव्हा मी रडून आकांत केला होता, की ती अक्षरं खोडून टाका, म्हणजे आई घरापर्यंत येईल. काइसाआईने पाठीत धपाटा घातला होता. या वेळी निघताना हेइक्कीने त्या झाडाला टोपी काढून रामराम केला आणि येतो म्हणाला. मला नाही जमलं.

बाबांना नमस्कार. मोजणीदार ब्रूनसाहेबांना विचार, आपल्या तळ्याचा काठ यंदा वाढला की आटला.

लोभ आहेच, कॉफीचा डागही असाच असू दे.
तुझा,
यालमार


कोइवुला
२१ ऑक्टोबर १८७७

चि. यालमार यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं सप्टेंबरातलं पत्र आलं. नवं वाटेत असेल. आम्ही सगळे बरे आहोत. बटाटे निघाले, डुक्कर मारलं, तळ्याच्या कडेला सकाळी काचेसारखा बर्फ धरतो आणि दुपारी विरघळतो. बाबांचा गुडघा दुखतो, पण ते कबूल करत नाहीत. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आहे. मीठदाणी म्हणजे प्लेव्हना, लोण्याचं भांडं म्हणजे तुर्कांचा सेनापती. परवा पाहुण्यांनी चुकून लोणी मागितलं तर बाबांचा सगळा व्यूह कोलमडला. निवृत्त कप्तानाच्या घरात राहणं हीसुद्धा एक मोहीम आहे, तिचं पदक मला कुणी देत नाही.

मोजणीदारांची चौकशी केलीस का रे? नसशील तर करशीलच, म्हणून आधीच सांगते. त्यांनी या वर्षी आपला काठ तिसऱ्यांदा मोजायला घेतला आहे. काइसाआई म्हणते, या माणसाची साखळी तरी आखूड आहे, नाहीतर हिंमत तरी. तू यावर काही लिहू नकोस.

काइसाआईने हातमोज्यांचे दोन जोड विणले आहेत, ते पाठवते आहे. दिसायला सारखे आहेत. डाव्या अंगठ्याशी सैल विणलेला तो हेइक्कीचा, तुम्ही दोघं कोठाराच्या छपरावरून पडलात तेव्हा त्याचा अंगठा वाकडा जुळला होता म्हणून. तिला राय धान्याच्या भाकरीत भरून भाजलेले मासेही पाठवायचे होते. मी म्हटलं, अगं, ती भाकरी बल्गेरियात पोहोचेल तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत असेल. ती म्हणाली की बरंच झालं, पोरांना शोधत तरी जाईल.

शनिवारी सौना तापवली की ती अजूनही वाफेत अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या तुम्हा दोघांसाठी भिजत घालते. बाबा म्हणाले की जुड्या फुकट जातात. तिने सांगितलं की झाडं रानातली, हात माझे, कप्तानसाहेबांचं काय जातं? तुम्ही नाही, तर घर फार नीटनेटकं झालं आहे. मला ते सोसत नाही. दारात चिखलाचे बूट पडलेले नसले की मला रडू येतं, हे तुला लिहिलं म्हणून डोक्यावर बसू नकोस.

स्वतःला जप. हेइक्कीला जप. आमची आठवण गरम कपड्यांसारखी अंगाशी धर.
तुझी,
ताई इडा


इस्पितळ, डॅन्यूबकाठ
१२ नोव्हेंबर १८७७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांडीत गोळी लागली होती, ती काढली. पाय राहील असं डॉक्टर म्हणतात. पडून लिहितो आहे म्हणून अक्षर असं आहे, बाबांना सांग की हात शाबूत आहेत.

ताई, हेइक्की गेला.

गोर्नी दुब्निकच्या मोर्च्यावर, ऑक्टोबरच्या २४ तारखेला. आम्ही उघड्या माळावरून वर चढलो. मी त्याला सांगितलं होतं की माझ्यापासून लांब जाऊ नकोस. तो गेला नाही. तटाच्या खंदकाशी तो माझ्या मागे पावलाभरावर होता, आणि मग नव्हता. मी वळून पाहिलं तर तो बसल्यासारखा दिसला. मला वाटलं बुटाची नाडी बांधतो आहे, आणि त्याही गडबडीत मी त्याच्यावर खेकसलो, की ऊठ. पुढे मलाही लागली. पडलेल्या सगळ्यांना तिथेच पुरलं. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो.

गाड्यांवरच्या घोडेवाल्यांपैकी एकालाही खरचटलं नाही. मी चौकशी केली. जवळ ठेव असं ती म्हणाली होती आणि मी जवळ ठेवला.

काइसाआईला तू सांग. बाबांना सांगू देऊ नकोस, ते लष्करी अहवालासारखं सांगतील. ती बसलेली असताना सांग. मला तिला लिहिता येत नाही. कागद घेतो आणि काय म्हणून हाक मारायची इथेच अडतो.

हातमोजे परवा आले. दोन्ही जोड माझ्या उशाशी आहेत.
लोभ ठेवावा, असं लिहायचं धाडस आज होत नाही.
यालमार


कोइवुला
९ डिसेंबर १८७७

माझ्या यालमार,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तू आहेस! हे आधी लिहिते, कारण तू नव्हतास. वर्तमानपत्रात लढाईत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं तारेने आली, त्यांत तुझं होतं. साध्या शिपायांचा नुसता आकडा, नावं मागाहून यायची. बाबांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली, आणि तबेल्यात जाऊन संध्याकाळपर्यंत घोड्याला खरारा करत राहिले. त्यांना हाक मारायचा धीर मला झाला नाही. तुझं पत्र येईपर्यंत आम्ही सुतकात होतो. नकाशा मी गुंडाळून ठेवला.

आता जे सांगते त्यावर रागावू नकोस. दुसऱ्याच दिवशी काइसाआईने कुऱ्हाड काढली. बाबा म्हणाले, शव नाही, पेटी नाही, सरकारी पत्र नाही, झाड कसलं करतेस? आणि हा सगळा अडाणीपणा आहे. ती म्हणाली, शव नाही म्हणूनच तर करायचं. एवढ्या लांबून पोर चालत आलं, खिडकीशी उभं राहून आत घ्या म्हणालं, तर मला घेता यायचं नाही आणि हाकलताही यायचं नाही. त्यापेक्षा त्याने वळणावरूनच फिरावं. मग आईच्या झाडाशेजारच्या पाइनच्या खालच्या फांद्या तिने एकटीने छाटल्या, साल सोलली आणि हेइक्कीच्या जुन्या सुरीने तुझ्या नावाची अक्षरं कोरली, खाली १८७७. परत आल्यावर तिचे हात डिंकाने काळे झाले होते. ती म्हणाली की निदान माझा एक तरी आहे. हे मी ऐकलं आहे, यालमार, आणि ते माझ्या कानातून जात नाही.

मग तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी किंचाळले, हसले, वाचायला लागले, आणि ती पिठाच्या हातांनी धावत आली. मी हसत असतानाच दुसऱ्या परिच्छेदाशी पोहोचले होते. तिने माझं तोंड पाहिलं. तू सांगितलं होतंस की बसलेली असताना सांग. ती स्वतःच बसली. मी वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, की बुटाची नाडी बांधल्यासारखा बसला होता ना, म्हणजे फार दुखलं नसेल? मी म्हटलं की नसेल. मग तिने उरलेलं पीठ मळलं, भाकरी लावल्या, आणि सौनात जाऊन दार लावून घेतलं. सौना थंडच होती. मी बाहेर पायरीवर बसून राहिले.

पुढच्या रविवारी बाबांनीच तिला विचारलं. हो, अडाणीपणा म्हणणारे आपले बाबाच. म्हणाले, त्या झाडावरचं यालमारचं नाव तासून तिथे हेइक्कीचं कोरतो, मी स्वतः. ती नाही म्हणाली. म्हणाली, माझ्या हेइक्कीचं झाड नाही करायचं. लहानपणी यालमार रडायचा, की अक्षरं खोडा म्हणजे आई येईल, आणि मी त्याला मारलं होतं. पोराचंच बरोबर होतं. माझा लेक आला तर येऊ दे की. खिडकीशी आला तर मी खिडकी उघडीन. मला नाही भीती वाटत माझ्या पोराची.

तुझं नाव तसंच आहे. असं झाड पाडलं तर पाडणाऱ्याच्या घरावर गंडांतर येतं म्हणतात, म्हणून कुणी हात लावत नाही. बाबाही नाही. ते म्हणतात की त्यांचा गुडघा दुखतो.

तू ये. बाकी काही मागत नाही.
ओढ पोहोचावी, ही मायेची विनंती.
ताई


हेलसिंकी
४ जून १८७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही मे महिन्यात परत आलो हे तू वाचलंच असशील. स्टेशनावर बँड, फुलं, भाषणं. एका अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, कुणाचा का असेना, आलास ना? मला वाटलं, मी दुसरीच्या पोराला मागे ठेवून आलो हे हिला कुणी सांगितलं?

घरी का आलो नाही असं तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा पायाचं कारण दिलं. पाय बरा आहे. खरं सांगतो. मी आलो होतो.

गेल्या आठवड्यात आगबोटीने चर्चच्या गावापर्यंत आलो, घोडागाडी केली. तळं तस्संच होतं. बर्चला नुकती पालवी फुटली होती, आणि तो वास आला तेव्हा मी गाडीवाल्यापासून तोंड लपवलं. पूल ओलांडला. मग वळण आलं. मी गाडी थांबवून उतरलो. आईचं झाड, आणि शेजारी माझं. अक्षरं मोठी सुबक कोरली आहेत, ताई; ती एवढं बरं कोरते हे मला ठाऊक नव्हतं. कडांना डिंक सुकला होता. मी ती वाचली. हेइक्कीची सुरी मला ओळखू आली, तिचं टोक तुटलेलं आहे, त्याने ओरखडा दुहेरी उमटतो.

आपल्या घरच्या धुराड्याचा धूर झाडांवरून दिसत होता. चार पावलं टाकली की अंगण दिसलं असतं. मी मनात म्हटलं, ती दारात येईल, आणि माझ्या मागे कुणी आहे का ते बघेल. नकळत बघेल, तिचा दोष नाही. ती तसं बघेल तेव्हा मी कुठे बघू? मी गाडीवाल्याला सांगितलं, परत फिरव. तो म्हणाला, साहेब, इथवर येऊन? मी म्हटलं की हो, माणसं इथवरच येतात.

इथल्या छावणीत मला जागा मिळते आहे, मी ती घेतो. माझी हिवाळी कपड्यांची पेटी पाठवून दे. हेइक्कीचे हातमोजे माझ्यापाशी आहेत. तिला सांग, किंवा नको सांगूस.

तुमच्या सगळ्यांची इतकी आठवण येते की दिवसा माणसांत बसवत नाही. बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो. राग धरलास तरी चालेल, विसरू नकोस.
यालमार


कोइवुला
१६ जून १८७८

चि. यालमार यास,
ताईचे आशीर्वाद, आणि जवळ असतास तर दोन धपाटे.

तू आला होतास हे तुझ्या पत्राच्या आधीच कळलं. आपल्याकडचा गाडीवाला, तो काय पोटात ठेवणार? चर्चबाहेर त्याने रंगवून सांगितलं, की कोइवुलाचा मेलेला लेफ्टनंट वळणापर्यंत आला, अक्षरं वाचली आणि रीतीप्रमाणे परत गेला. भाडं मात्र जिवंत माणसासारखं दिलं. लोक हसले. काइसाआई हसली नाही. घरी येऊन तिने रविवारचे कपडे बदलले आणि कुऱ्हाड घेतली.

बाबा, मी आणि ब्रूनसाहेब तिच्या मागे धावलो. (होय, ब्रूनसाहेब आमच्याबरोबर चर्चला होते. काठाची मोजणी संपली. त्याबद्दल तू आल्यावर.) बाबा म्हणाले, काइसा, ते झाड पाडू नये असं तूच सांगत आलीस. ती म्हणाली, पाडणाऱ्याचं जातं असं सांगत आले. माझं आणखी काय जायचं उरलंय? ब्रूनसाहेबांनी कुऱ्हाड घ्यायला हात पुढे केला, तर तिने त्यांना दूर उभं राहायला सांगितलं, की तुमचं अजून सगळं व्हायचंय, तुम्ही लांब राहा. या वयात एकटीने झाड तोडलं तिने, यालमार! मध्येमध्ये दम खायला आईच्या झाडाला पाठ टेकून बसायची, तिच्याशी काहीतरी बोलायची आणि पुन्हा उठायची. झाड पडलं तेव्हा ती बाजूला झाली आणि म्हणाली, मेलेल्यांसाठी केलं होतं, जित्याला अडवायला लागलं. असलं झाड काय कामाचं?

असल्या झाडाचं लाकूड चुलीत घालायचं नसतं, म्हणून बैल लावून ते तळ्यावर आणलं. आता ते धक्क्याला नवी फळी म्हणून बसलं आहे, तुम्ही दोघं जिथून उड्या मारायचात तिथे. अक्षरं खालच्या बाजूला, पाण्याकडे आहेत.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, ती दारात बघेल तेही. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते, एक शब्दही बदलायचा नाही असं मला बजावून सांगितला आहे. म्हणते, बघीन तर खरी मी तुझ्या मागे. रोजच बघते, तू नसतानाही. तेवढं तुला सोसावं लागेल. आणि विचारीनही, माझा लेक कसा गेला, काय खाल्लं होतं, त्या दिवशी काही विनोद केला का. तुझ्याशिवाय दुसरं कुणाला विचारू? त्याच्यापासून पावलाभरावर जगात कोण होतं? तूच होतास. तू तिकडे लपून बसलास तर माझा हेइक्की दोनदा गेला. जवळ ठेव म्हणाले होते, तू ठेवलास. परत आण म्हणाले होते, ते तुझ्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण तू स्वतः परत यायचं हे तुझ्याच हातात आहे, आणि तेवढंही केलं नाहीस तर धपाटा अजून घालता येतो. ते हातमोजे घेऊन ये. डावा अंगठा माझ्या हाताला कळतो.

एवढं सांगून ती म्हणाली, लिही की रस्ता मोकळा आहे.

पेटी पाठवत नाही. येत्या शनिवारी चर्चच्या गावात आगबोटीपाशी बाबा स्वतः गाडी घेऊन येतील. ते काही बोलणार नाहीत, त्यांना बोलायला लावू नकोस. सकाळपासून घोड्याला खरारा चालला आहे, आणि अजून सहा दिवस आहेत. सौना तापलेली असेल. काइसाआईने आत्ताच बर्चच्या कोवळ्या डहाळ्या आणून जुड्या बांधल्या. दोन बांधल्या.

आल्यावर बूट दारातच टाक, पुसू नकोस.
वाट पाहणारी,
ताई इडा